रिकामी रेल्वे लांबवावी कशी?

आमच्या कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. १८५९ साली जीआयपी रेल्वेचे रूळ इथवर आले, बार्शी राहिली वीसेक मैल बाजूला, आणि साहेबानं पाटीवर बार्शीचं नाव रंगवून पुढं ‘रोड’ जोडून दिलं. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’चा अर्थ एवढाच : उतरलात ते बरं केलंत, पण तुमचं गाव इथं नाही. अक्कलकोट रोडला उतरणाऱ्यांना हा धडा आजही मिळतो.

तेव्हा माणसाला भलतीकडे नेऊन सोडण्याच्या शास्त्रात आमच्या जिल्ह्याचा हात धरणारं कुणी नाही, असा आमचा समज होता. मुंबईच्या मोनोरेलनं तो मोडला. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक, सतरा स्थानकं, साधारण वीस किलोमीटर, खर्च सत्तावीसशे कोटींच्या घरात. अर्धी बांधली ती रिकामी धावली, म्हणून उरलेली अर्धी बांधली. ही दुसरी अर्धी म्हणजे खरी विद्या. रिकामी रेल्वे कुणालाही बांधता येते. ती रिकामी असताना, रिकामी आहे याच कारणासाठी लांबवायची, याला तालीम लागते.

ही तालीम घरबसल्या मिळावी म्हणून प्रस्तुत मार्गदर्शिका. होतकरू नगरसेवक, नव्यानं रुजू झालेले अधिकारी आणि सल्लागार कंपनीत नुकताच चिकटलेला भाचा, या तिघांना डोळ्यांपुढं ठेवून ती लिहिली आहे. रोज लोकलनं जाणाऱ्यांनी वाचू नये. त्यांच्या शंका फार व्यवहारी असतात.

साहित्य : शहराचा एक नकाशा. जाड निळा मार्कर, बारीक पेन नको, बारीक रेघ कुठून कुठं जाते ते दिसतं. फुटपट्टी घरी ठेवा. एक सल्लागार. परदेश दौऱ्यात खिडकीतून काढलेले फोटो. नारळ किमान चार : एक भूमिपूजनाला, एक पहिल्या टप्प्याला, एक दुसऱ्या टप्प्याला आणि एक राखीव, बंद पडल्यावर पुन्हा सुरू करण्यासाठी.

१. पहिला टप्पा मध्येच तोडा

नवशिके इथंच चुकतात. माणसं राहतात कुठं आणि कामाला जातात कुठं हे विचारत बसतात. असं विचारलंत की रेघ आपोआप सरळ जाते, गाडी भरते आणि दुसऱ्या टप्प्याला निमित्तच उरत नाही.

मुंबईचा धडा गिरवा. १ फेब्रुवारी २०१४ ला उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी मोनोरेल लोकांसाठी खुली झाली. चेंबूरहून निघायचं, वाटेत फर्टिलायझर टाऊनशिप, भारत पेट्रोलियम, म्हैसूर कॉलनी, भक्ती पार्क, आणि शेवट वडाळा आगारात. स्थानकांची नावं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा. एक खताचं, एक तेलाचं, आणि शेवटचं गाड्या रात्री झोपतात त्या जागेचं. सकाळी नऊ वाजता डबा घेऊन निघालेल्या माणसाला आगारात काय काम, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही या क्षेत्रात फार पुढं जाणार नाही. क्षमस्व.

पहिल्या काही दिवसांत गर्दी होईल. घाबरून जाऊ नका. ती गाडी बघायला आलेली गर्दी असते. मुलांना खांद्यावर घेऊन, फोटो काढत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन त्याच गाडीनं परत येणारी. जत्रेतला पाळणाही माणसाला वर नेतो, गाव दाखवतो आणि चढला तिथंच उतरवतो. फरक इतकाच की पाळणेवाला आपल्या धंद्याला ‘सार्वजनिक वाहतूक’ म्हणत नाही. पुण्यातही ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली ती दोन सुट्या तुकड्यांत, वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी. दोन्ही तुकडे एकमेकांना भेटले ते १ ऑगस्ट २०२३ ला. मधल्या काळात लोक सहकुटुंब फेरी मारून आले, हौस फिटली. पण पुण्याच्या रेघा पुढं वस्तीत आणि बाजारपेठेत शिरल्या, त्यामुळं नमुना म्हणून तो प्रकल्प बाद.

इतर देशांत काय चाललंय याकडे लक्ष देऊ नका, उत्साह मावळतो. सिडनीनं आपली मोनोरेल पंचवीस वर्षं चालवून ३० जून २०१३ ला कायमची बंद केली. आपण सात महिन्यांनी नारळ फोडला. जकार्तानं तर मोनोरेलचे नुसते खांब उभे केले आणि वर्षानुवर्षं तेच बघत बसले. काही म्हणा, खर्च तिथंच थांबला. पण आपल्याला खर्च थांबवायचा आहे की विस्तार करायचा आहे?

२. वाहन असं निवडा की त्याचा नट शेजारच्या गल्लीत मिळणार नाही

देशभर ब्रॉडगेज आहे, तिचे कारखाने आहेत, मिस्त्री आहेत, सुटे भाग आहेत. म्हणूनच ती टाळा. जी वस्तू कुठंही दुरुस्त होते तिला कुणी ‘भविष्यातली वाहतूक’ म्हणत नाही.

मोनोरेल म्हणजे काँक्रीटच्या एका तुळईवर दोन्ही पाय टाकून बसलेली रबरी चाकांची गाडी. दिसते छान. त्या गाड्या मलेशियाच्या स्कोमी कंपनीच्या, आणि सुटे भागही तिथूनच यायचे. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, स्कोमीचं कंत्राट रद्द करून कारभार स्वतःकडे घेतला. गाडी हातात आली, पण गाडीची चावी ज्याच्याकडे होती तो माणूस गेला. मग धावत्या गाडीला लागणारा भाग उभ्या गाडीतून काढायचा, हा घरगुती उपाय. एका चपलेचा अंगठा काढून दुसऱ्या चपलेला लावायचा, आणि वर म्हणायचं, एक तरी जोड चालू आहे.

आमचे एक काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभी हयात काढलेले. त्यांना हा प्रकार समजावून सांगताना फार त्रास झाला. ते म्हणाले, “आरं, पण तुटलेला भाग लेथवर टाकून करून घ्यायचा की.” जुन्या पिढीची हीच अडचण. त्यांना वाटतं, गाडी चालवण्यासाठी असते.

३. गाडी रिकामी का, याचं उत्तर आधीच लिहून ठेवा

आता मूळ मुद्दा. हे एक वाक्य रोज सकाळी आरशासमोर म्हणा : “मार्ग पूर्ण झाला की प्रवासी येतील.”

या वाक्याला तोड नाही. त्यात चूक कबूल आहे असं वाटतं, पण कुणाचीच नाही. गाडी रिकामी धावते हा पहिल्या टप्प्याच्या विरोधातला पुरावा होता, तो तुम्ही दुसऱ्या टप्प्याच्या बाजूचा करून टाकलात. खटल्यात साक्षीदार फितवतात तसा आकडा फितवला. पूर्ण मार्गावर दिवसाला लाखाहून जास्त माणसं येतील असे अंदाज होते. पूर्ण झाल्यावर प्रत्यक्षात आली ती वीस हजारांच्या आत. यानं खचून जाऊ नका. अंदाज हा अंदाज असतो, आणि तो ज्यानं बांधला त्याचं बिल केव्हाच चुकतं झालेलं असतं.

हे तत्त्व घरी लावून बघा म्हणजे पक्कं बसेल. समजा, तुम्ही टेंभुर्णीच्या रस्त्यावर रसवंती टाकली. रस्ता योग्य, पण जागा अशी की गाडी थांबवायला वावच नाही. गिऱ्हाईक येत नाही. अडाणी माणूस रसवंती उचलून एस.टी. स्टँडपाशी नेईल. तुम्ही तसं करू नका. तुम्ही पत्र्याची शेड आणखी शंभर फूट आत, शेतात, वाढवा. कुणी विचारलंच तर सांगा, “शेड पूर्ण झाली की गिऱ्हाईक येतील.” बँकेत बोलताना आवाज जरा खाली ठेवा.

४. मुहूर्त

पंचांग बघू नका. आचारसंहिता बघा.

पहिल्या टप्प्याचं उद्घाटन १ फेब्रुवारी २०१४, लोकसभेची घोषणा ५ मार्च २०१४. दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन ३ मार्च २०१९, लोकसभेची घोषणा १० मार्च २०१९. पहिल्या वेळी महिनाभर आधी, दुसऱ्या वेळी आठवडाभर. सरकारं दोन, पक्ष वेगळे, मुख्यमंत्री वेगळे, पण घड्याळ एकच. राजकारणात मतैक्य नाही म्हणणाऱ्यांनी ही जोडी भिंतीवर टांगावी.

या दोन तारखांच्या मध्ये काय झालं तेही विद्यार्थ्यानं नीट बघावं. ९ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात गाडीचे दोन डबे जळाले. गाडी रिकामी होती. (मोनोरेलच्या रिकामेपणाचा हा एकमेव उपयोग नोंदीत आहे, आणि देवाची कृपा म्हणून तो झाला.) सेवा थांबली ती १ सप्टेंबर २०१८ पर्यंत. म्हणजे जवळजवळ दहा महिने त्या मार्गावरून कुणी गेलं नाही, आणि शहराचं काय अडलं? एखाद्या भोळ्या माणसाला वाटेल, हीच तर मोफत मिळालेली चाचणी : गाडी काढून घ्या आणि बघा कुणाला चुकल्यासारखं वाटतं. आपण भोळे नाही. आपण डिसेंबरात कंत्राट रद्द केलं आणि मार्चमध्ये मार्ग दुपटीनं लांबवला. गाड्या मोजक्या, सुटे भाग दुर्मिळ, बांधणारा बाहेर. पण लांबी दुप्पट. याला धाडस लागतं.

वाचू नये असा उतारा

परीक्षेला नाही, तरी एका वाईट उदाहरणाची माहिती असावी म्हणून देतो. हे उदाहरण दुर्दैवानं आमच्याच गावचं आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज अभियंता होता. त्यानं बार्शी रोडला उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि सगळ्यात मोठी चूक केली : ही माणसं पुढं कुठं जातात, हे विचारलं. उत्तर सोपं होतं. बार्शीच्या बाजारात आणि पंढरपूरच्या वारीला. मग त्यानं अडीच फुटी गेजची लहान रेल्वे आखली. १८९७ साली ती बार्शी रोडहून बार्शीला धावू लागली. पहिल्याच टप्प्यात चक्क त्या गावाला पोचली ज्याचं नाव स्टेशनाच्या पाटीवर चाळीसेक वर्षं उगाच लिहिलं होतं! पहिला टप्पा असा पोचला की दुसरा टप्पा मागायला तोंड उरत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

तरी त्यानं दुसरा टप्पा केला. पण कसा? तर जिथं माणसांची झुंबड आधीच उभी होती तिथं. १९०६ ला पंढरपूर. नंतर बाजूबाजूनं लातूरपर्यंत १९११ ला, आणि मिरजेपर्यंत १९२७ ला. आषाढीला येणारे वारकरी पूर्वीपासून पंढरीच्या वाटेवर चालतच होते. रूळ त्यांच्या मागून आले. अंदाजपत्रकात ‘अपेक्षित प्रवासी’ असा रकाना भरायची वेळच आली नाही, कारण अपेक्षित प्रवासी टाळ वाजवत समोरून जात होते.

शिवाय काटकसर. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, असा त्यानं नियम घातला आणि इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळं त्याच मापात बसवलं. म्हणजे हलके रूळ पुरले, हलके पूल पुरले. गाडीनं किती वजन पेलायचं हे गाडी बांधायच्या आधी ठरवलं! पुढच्या एका प्रकरणात हा प्रकार किती कालबाह्य आहे ते दिसेलच.

याचा अर्थ ती रेल्वे स्वर्गातून आली होती असं नाही. ती कंपनी लंडनची, नफ्यासाठी काढलेली. वारीच्या दिवसांत लोक जागा मिळेल तिथं कोंबून जायचे, आणि गाडीच्या वेगावर आमच्या भागात इतके विनोद झाले की त्यातले निम्मे गाडीपेक्षा हळू चालतात. कुर्डुवाडीला गेज बदलत असल्यानं माणूस, पोतं, बोचकं सगळं एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे. पण बदलायची दुसरी गाडी त्याच स्टेशनात, पलीकडच्या फलाटाला उभी असायची. हे वाक्य लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायची छत्री बनवू लागला. ‘गार्डियन एंजल’ हे त्या पॅराशूटचं नाव. रेल्वेवाल्यानं पॅराशूट कशाला बनवावं, असं आम्हाला लहानपणी वाटायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उलगडा झाला. तेही पुढं येतं.

५. स्थानकं जवळ ठेवा, पण लागून नको

दुसऱ्या टप्प्यात तुम्ही दाट वस्तीत शिरणार, आजूबाजूला मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, हार्बर अशा तीन-तीन लोकल असणार. इथं मोह होईल की मोनोच्या जिन्यावरून थेट लोकलच्या पुलावर उतरवावं. मोह आवरा. थेट जोडलंत तर माणूस दोन मिनिटांत गाडी बदलेल आणि उद्या पुन्हा येईल.

‘दादर पूर्व’ अशा नावाचं एक स्थानक करा, पण ते दादर स्टेशनच्या दारात करू नका. शेवटचं स्थानक महालक्ष्मी स्टेशनच्या आसपास आणा आणि आसपासच सोडा. मधलं अंतर माणसाला चालता येतं, पण पावसात, पिशवी घेऊन, फेरीवाले चुकवत, दोन रस्ते ओलांडून, रोज नाही. जे अंतर एकदा चालता येतं आणि रोज चालवत नाही, तेच अचूक अंतर. आमच्या ‘रोड’वाल्या साहेबाला वीस मैल लागले, मुंबईकरांनी तो परिणाम काही शे मीटरमध्ये साधला. याला प्रगती म्हणतात.

(पुण्याचा एक पूरक धडा : आधी उड्डाणपूल बांधा, मग रेल्वेची आठवण काढा. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडून मेट्रोसाठी पुन्हा आखणी झाली. एकाच चौकात दोनदा काम, दोनदा कोंडी. एवढा किफायती पाठ दुसरीकडे मिळत नाही.)

६. लांबी वाढवा, गाड्या वाढवू नका

गणित सोपं आहे. पूर्वी अर्ध्या मार्गावर जेवढ्या गाड्या होत्या, तेवढ्याच किंवा त्यातूनही बंद पडलेल्या वजा करून उरतील तेवढ्या, आता पूर्ण मार्गावर पसरा. पराठ्याचा गोळा तोच, लाटायचा पोळपाट मोठा. अठरा-वीस मिनिटांनी एक गाडी यायची. मुंबईत अठरा मिनिटांत माणूस तीन लोकल सोडतो, चौथीत लटकतो आणि घरी पोचून चहा टाकतो. दहा ते चाळीस रुपये मोजून, एसीत, रिकाम्या आसनावर, शांतपणे अठरा मिनिटं गाडीची वाट बघणारा प्रवासी मिळणं कठीण. मिळाले त्यांचे आभार माना. त्यांतले काही खरोखर सोय म्हणून येत होते. चेंबूर, ॲन्टॉप हिल, नायगावच्या बैठ्या वस्त्यांतल्या लोकांना ती गाडी बरी वाटायचीही. मार्गदर्शिकेच्या शिस्तीत हे बसत नाही, पण खोटं कशाला बोला.

७. माणसं आलीच तर?

अकरा वर्षं तुम्ही प्रवासी येत नाहीत म्हणून खुलासे दिलेत. सवय झाली. आता परीक्षेतला अवघड प्रश्न : एक दिवस ते सगळे आले तर काय कराल?

१९ ऑगस्ट २०२५. मुंबईत पाऊस असा कोसळला की हार्बरची लोकल पाण्यानं थांबली. मोनोरेल पाण्यापासून उंचावर. ज्या एका दिवसासाठी तिला जन्म मिळाला असं म्हणता आलं असतं, तो दिवस उजाडला. लोक जिने चढून वर आले. अंदाजपत्रकातले ते अपेक्षित प्रवासी, वर्षानुवर्षं कागदावर वाट बघत असलेले, एकदम देह धारण करून फलाटावर हजर झाले.

आणि गाडी म्हणाली, मला झेपत नाही.

गाडीची क्षमता १०४ टन, भार झाला १०९ टनांचा. वीज घेणाऱ्या भागाचा वीजवाहक रुळाशी असलेला संपर्क तुटला आणि म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कच्या मध्ये गाडी उंचावर ठप्प. दिवे गेले, एसी गेला, दारं उघडेनात. तुळईच्या बाजूनं चालायला वाट नाही, कारण ती ठेवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आत माणसं एकमेकांच्या घामात उभी, काहींचा श्वास कोंडला. अग्निशमन दलानं शिड्या लावून, काचा फोडून ५८२ जणांना खाली उतरवलं, काही तास लागले. त्यांच्या त्या शिड्यांना आमचा नमस्कार. बाकी ज्यांनी अशा गाडीत चढायची चूक केली त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगा, ती अंदाजपत्रकात विनामूल्य आहे.

खुलासा काय निघाला? प्रवासी जास्त झाले. विद्यार्थ्यांनो, वहीत लाल शाईनं उतरवून घ्या. अकरा वर्षं तोट्याचं कारण ‘प्रवासी नाहीत’, आणि बिघाडाचं कारण ‘प्रवासी आहेत’. प्रवासी हा प्राणी दोन्ही बाजूंनी दोषी ठरला. रेल्वे मात्र निर्दोष सुटली. आमचे वर्कशॉपवाले काका टीव्हीवर हे बघत होते. “आषाढीला डब्याच्या छपरावर बी माणसं असायची,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. मी त्यांना सांगितलं नाही की छपरावर बसणं नियमबाह्य आहे. त्यांना ते माहीत असावं.

पुढच्या महिन्यात, १५ सप्टेंबरच्या पावसात, गाडी पुन्हा वडाळ्याच्या बाजूला अडकली. या खेपेला आत सतरा माणसं होती. सतरा माणसांमुळं वजन जास्त झालं असं सांगणं कुठल्याही शासकीय इंग्रजीत बसेना, म्हणून या वेळी ‘तांत्रिक अडचण’. खुलाशाचे दोन्ही नमुने एकाच पावसाळ्यात अभ्यासाला मिळाले, नशीबवान आहात.

८. थांबवणे

‘बंद’ हा शब्द कधीही वापरू नका. बंद दुकान पडतं, बंद घड्याळ पडतं. प्रकल्प ‘तात्पुरता स्थगित’ होतो, तोही ‘अद्ययावत होण्यासाठी’. २० सप्टेंबर २०२५ पासून मोनोरेल याच थाटात थांबली : नवे रेक येणार, नवी सिग्नल यंत्रणा बसणार. ५ नोव्हेंबरला चाचणी घेताना वडाळ्याजवळ नव्या गाडीचा पुढचा डबा तुळईवरून कलला. आतल्या लोकांना उतरवून घेतलं. राखीव नारळ कोरड्या जागी ठेवा, किडा लागतो.

सराव

आता स्वतः करून बघा. गृहपाठाला आपलंच गाव घेऊ. मुंबईची जमीन महाग, चुका तिथं लवकर नजरेत येतात. कुर्डुवाडीत मोकळं आहे.

प्रकल्प : कुर्डुवाडी–टेंभुर्णी मोनोरेल. टेंभुर्णीला पुणे–सोलापूर महामार्ग, इकडे रेल्वे जंक्शन. दोन्हींची गाठ घालायची म्हणजे लोकांची मागणी आहेच. तेवढ्यासाठी एस.टी. आणि वडाप आहे, पण त्यात भविष्य नाही. पहिला टप्पा आम्ही असा आखला आहे. सुरुवात कुर्डुवाडी स्टेशनापाशी करायची नाही, तिथं जागा नाही आणि माणसं फार. सुरुवात कुर्डू गावच्या शिवारात, एका उसाच्या बांधावर. पहिलं स्थानक ‘कुर्डुवाडी जंक्शन पश्चिम’. मधलं स्थानक एका बंद खडी क्रशरजवळ, सल्लागाराच्या मते तिथं विकासाला वाव आहे. तिथून पुढं उसाच्या फडांवरून, साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या डोक्यावरून, थेट आगारापर्यंत. आगाराची जागा महामार्गाच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला, स्वस्तात मिळते. शेवटच्या स्थानकाचं नाव ठरवायला फार वेळ गेला नाही. ‘टेंभुर्णी रोड’.

नकाशा काकांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून रेघेवरून शेवटपर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

“हितनं टेंभुर्णी किती लांब?”

मी सांगितलं, ते दुसऱ्या टप्प्यात येतं.